पूरक सामग्रीचे जॅट्स टॅगिंग : चार वेगळ्या वस्तूंना एकच टॅग कितपत योग्य?

प्रश्न

नमस्कार. कोकणातील सड्यांवरच्या (जांभ्या खडकाच्या पठारांवरच्या) वनस्पतींविषयीचा एक शोधनिबंध आमच्या त्रैमासिकाच्या पुढील अंकात येत आहे. लेखकांनी त्यासोबत चार गोष्टी दिल्या आहेत: नमुना-चौकटींनुसार प्रजातींची एक्सेल सारणी, जिच्यात प्रत्येक वनस्पतीचे स्थानिक मराठी नावही आहे, फुलांवर येणाऱ्या कीटकांची ४० सेकंदांची चित्रफीत, अभ्यासपद्धतीचा तपशील देणारी ११ पानांची पीडीएफ, जिला स्वतःची संदर्भसूची आहे, आणि झेनोडो या खुल्या ऑनलाइन भांडारात ठेवलेली मूळ मोजमापे, ज्यांना स्वतंत्र डीओआय (कायमस्वरूपी ओळखक्रमांक) मिळालेला आहे. लेखाचे जॅट्स एक्सएमएल (नियतकालिकातील लेखाचे भाग ठरावीक टॅगांनी, म्हणजे खुणांनी, दाखवणारी यंत्रवाच्य प्रत) तयार करून देणाऱ्या संस्थेने या चारही गोष्टी लेखाच्या शेवटी 'सप्लिमेंटरी-मटेरियल' या टॅगमध्ये घालून त्यांना 'पूरक फाइल १' ते 'पूरक फाइल ४' अशी नावे दिली आहेत, आणि कॅप्शन मात्र रिकामेच ठेवले आहे. टॅग तपासणाऱ्या प्रणालीने, म्हणजे व्हॅलिडेटरने, एकही चूक दाखवली नाही, तरीही हे पटत नाही. योग्य पद्धत कोणती?

प्रतिसाद १

आपली शंका रास्त आहे. व्हॅलिडेटर फक्त टॅगांची रचना तपासतो. टॅगमधली वस्तू खरोखर पूरक आहे का, हे त्याला कळत नाही. ते ठरवणे संपादकाचे काम आहे, आणि ते टॅगिंगच्या आधी व्हायला हवे.

निसो आणि एनएफएआयएस या माहिती-मानके व माहितीसेवा क्षेत्रातल्या अमेरिकी संस्थांनी जानेवारी २०१३ मध्ये पूरक सामग्रीविषयी ज्या शिफारशी प्रसिद्ध केल्या, त्यांचा गाभा एका भेदात आहे: जी सामग्री वाचल्याशिवाय लेखातले संशोधन पूर्ण समजत नाही ती अविभाज्य, आणि जी केवळ अधिक खोलात जाऊ इच्छिणाऱ्यासाठी आहे ती अतिरिक्त. अविभाज्य सामग्रीचे परीक्षण, संपादन आणि जतन मूळ लेखाइतक्याच काळजीने व्हावे, अशी त्यांची अपेक्षा आहे. फाइल मोठी आहे किंवा ती छापता येत नाही, एवढ्यावरून ती पूरक ठरत नाही.

म्हणून आपल्या चित्रफितीबद्दल आधी लेखकांना विचारा. परागीभवनाविषयीचा निष्कर्ष तीवर उभा असेल, तर ती लेखाच्या मजकुरातच, आकृती जिथे आली असती त्या जागी, 'मीडिया' टॅगने यायला हवी; तिला लेबल आणि कॅप्शन हवे आणि मजकुरातून तिच्याकडे 'एक्सरेफ'ने (लेखांतर्गत दुवा देणाऱ्या टॅगने) निर्देश हवा. ती केवळ पाहण्याजोगी म्हणून जोडलेली असेल, तर 'सप्लिमेंटरी-मटेरियल' योग्यच आहे.

झेनोडोवरची मोजमापे मात्र कोणत्याही अर्थाने आपल्या लेखाची पुरवणी नाहीत. ते लेखकांचे स्वतंत्र प्रकाशन आहे. त्याची नोंद संदर्भसूचीत 'पब्लिकेशन-टाइप'चे मूल्य 'डेटा' देऊन करावी, संचाचे शीर्षक 'डेटा-टायटल'मध्ये घालावे (हा टॅग जॅट्सच्या १.१ आवृत्तीपासून उपलब्ध आहे), आणि विदा (डेटा) कुठे उपलब्ध आहे हे सांगणाऱ्या निवेदनातून त्या नोंदीकडे दुवा द्यावा. असे केले तरच तो विदासंच उद्धृत केल्याची यंत्रवाच्य नोंद राहते. ज्यांनी सड्यांवर भर पावसात चौकटी आखून मोजणी केली, त्यांना त्या श्रमाचे श्रेय मिळण्याचा मार्ग या एका नोंदीतून जातो, म्हणून तिच्याबाबत मी आग्रही आहे.

प्रतिसाद २

एक्सेल सारणीविषयी. तिला 'सप्लिमेंटरी-मटेरियल' हाच टॅग ठेवावा, पण रिकामे कॅप्शन ठेवू नये. 'पूरक फाइल १' हे लेबल झाले. फाइलमध्ये काय आहे, किती चौकटी आणि कोणते स्तंभ आहेत, हे कॅप्शनने सांगायचे असते. फाइल न उघडता वाचकाला आणि शोधयंत्राला तेवढाच आधार असतो. मजकुराच्या ओघात नुसता दुवा देण्यासाठी 'इनलाइन-सप्लिमेंटरी-मटेरियल' असा निराळा टॅग आहे, पण त्यात लेबल-कॅप्शनला जागा नाही, त्यामुळे मुख्य नोंद त्याने करू नये.

'माइमटाइप' आणि 'माइम-सबटाइप' ही फाइलचा प्रकार सांगणाऱ्या गुणधर्मांची जोडी अचूक भरून घ्या. सीएसव्हीसाठी (स्वल्पविरामांनी स्तंभ वेगळे करणाऱ्या साध्या मजकूर-फाइलसाठी) ती अनुक्रमे 'टेक्स्ट' आणि 'सीएसव्ही' अशी आहे. शक्य असेल तर सारणी सीएसव्हीतच द्यावी, असे मी सुचवीन. एक्सेल नावांचे आपोआप तारखांत रूपांतर करते, आणि हा धोका काल्पनिक नाही: ज्या जनुकशास्त्रीय शोधनिबंधांना जनुकांच्या एक्सेल याद्या जोडलेल्या होत्या, त्यांपैकी सुमारे एक-पंचमांश निबंधांत जनुकांची नावे बिघडल्याचे २०१६ मधल्या एका अभ्यासात आढळले होते. आपल्या सारणीत मराठी नावे असल्यामुळे सीएसव्ही यूटीएफ-८ या अक्षर-संकेतनात साठवावी आणि फाइलच्या आरंभी ते संकेतन ओळखवणारी बीओएम ही खूण ठेवावी, नाहीतर एक्सेलमध्ये थेट उघडणाऱ्या वाचकाला देवनागरीऐवजी निरर्थक चिन्हे दिसू शकतात.

आणखी एक गोष्ट. दुव्याच्या गुणधर्मातले फाइलनाव व्हॅलिडेटरच्या लेखी केवळ अक्षरांची ओळ असते. त्या नावाची फाइल लेखासोबतच्या फायलींच्या पाकिटात आहे का, हे तो पाहत नाही. एका जुन्या अंकात नावातले एक अक्षर लहानाचे मोठे झाले होते, आणि पूरक सारणी कित्येक महिने कुणालाच उघडता आली नाही. एक्सएमएलमधली सर्व फाइलनावे आणि पाकिटातल्या फायली जुळवून पाहणारी वेगळी तपासणी लावून घ्या.

प्रश्नकर्ता

आपणा दोघांचे मनापासून आभार. चित्रफीत निष्कर्षाला आवश्यक असल्याचे लेखकांनी कळवले आहे, तेव्हा ती मजकुरात घेत आहोत. पद्धतीच्या पीडीएफचे काय करावे? आणि प्रकाशनानंतर सारणीत चूक आढळली, तर फाइल बदलणे योग्य ठरेल का?

प्रतिसाद ३

पीडीएफमधली संदर्भसूची हाच मोठा प्रश्न आहे. उद्धरण-सूची तयार करणाऱ्या यंत्रणा मुख्य लेखातले 'रेफ-लिस्ट' (संदर्भसूचीचा टॅग) वाचतात. पूरक पीडीएफमधले संदर्भ बहुधा त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाहीत, आणि ज्यांच्या पद्धती वापरल्या त्या संशोधकांचे ऋण नोंदीतून गळून पडते. पूरक सामग्री अमाप वाढल्याने परीक्षकांवर पडणारा भार पाहून 'द जर्नल ऑफ न्यूरोसायन्स'ने नोव्हेंबर २०१० पासून ती स्वीकारणेच थांबवले होते. इतके टोक गाठण्याची गरज नाही, पण प्रयोग पुन्हा करून पाहण्यासाठी लागणारा तपशील मूळ 'पद्धती' विभागात आणावा आणि त्याचे संदर्भ मुख्य सूचीत घ्यावेत. ऑनलाइन आवृत्तीला पानांची मर्यादा नसते. उरलेला तपशील परिशिष्ट म्हणून 'अ‍ॅप' टॅगमध्ये पूर्ण मजकुरासह देता येईल, म्हणजे तो शोधता येईल आणि पडदावाचक वापरणाऱ्या दृष्टिहीन वाचकांनाही वाचता येईल.

प्रकाशित फाइल गुपचूप बदलू नये. ज्याने आधीची सारणी उतरवून तिच्यावर गणित केले आहे, त्याला बदल झाल्याचे कळण्याचा मार्ग त्यामुळे बंद होतो. शुद्धिपत्र स्वतंत्र लेख म्हणून प्रसिद्ध करावे, त्यात 'रिलेटेड-आर्टिकल'ने मूळ लेखाचा निर्देश करावा, सुधारित सारणी नव्या फाइलनावाने शुद्धिपत्रासोबत जोडावी आणि जुनी फाइल होती तिथेच ठेवावी.