मदत हवी आहे: एकर-गुंठ्याचा लूप थांबतच नाही

नमस्कार मंडळी. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायला लागून तीनच आठवडे झालेत, तेव्हा हसू नका. ४० गुंठे म्हणजे १ एकर हे घरच्या सातबाऱ्यामुळे लहानपणापासून पाठ, म्हणून सरावाला तेच घेतलं. व्हाइल लूपमध्ये (म्हणजे अट खरी असेपर्यंत त्याच ओळी पुन्हा पुन्हा चालतात त्यात) दर फेरीला ०.१ एकर वाढवायचा, ४० ने गुणून गुंठे छापायचे आणि एकर बरोबर १ झाला की थांबायचं. पण गडी थांबेचना! वर सरकवून पाहिलं तर ०.२ नंतर चक्क ०.३०००००००००००००००४, आणि १ च्या जागी ०.९९९९९९९९९९९९९९९९. बेरीज तर साधी आहे, मग हे शेपूट कुठून आलं? सध्या १ ते ४० गुंठे मोजून ४० ने भागतोय, ते नीट चालतं. हेच ठेवू, की अटीत ‘बरोबर’ऐवजी ‘पेक्षा कमी’ लिहू?