मदत हवी आहे : भूगावचा उताराचा प्लॉट घ्यावा का?

घर बांधण्यासाठी पुण्याजवळ दोन प्लॉट बघून झालेत. घरात आम्ही सहा जण. आई-बाबा सत्तरीपुढचे, त्यामुळे त्यांची खोली तळमजल्यावरच हवी. मुलांची शाळा कोथरूडला.

पिरंगुटच्या पुढचे चार गुंठे सपाट आणि स्वस्त आहेत, पण सातबारा सामायिक, एनए (बिगरशेती) नाही. बँक कर्ज देत नाही, वकिलांनीही नकोच म्हटलं. तो विषय जवळपास संपला.

भूगावचा दोन गुंठ्यांचा (२१७८ चौ. फूट) आहे. एनए, मंजूर लेआउट, मालकीच्या नोंदींचा तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट स्वच्छ. अडचण उताराची. रस्त्यापासून मागच्या हद्दीपर्यंत जमीन साधारण सहा फूट खाली जाते. जुलैत मुद्दाम भर पावसात जाऊन आलो, तेव्हा वरच्या बाजूचं पाणी प्लॉटमधूनच वाहत होतं. वर दोन-अडीच फूट काळी माती, खाली मुरूम लागला. खड्डा घेऊन पाहिलाय. एका ठेकेदाराचं मत, भराव टाकून सपाट करा. दुसरा म्हणतो, भरावावर घर नकोच, मागे रिटेनिंग वॉल (माती अडवणारी भिंत) बांधा आणि खाली पार्किंग काढा. पण मग आई-बाबांना रस्त्याच्या पातळीवरून सरळ घरात येता येईल का, हे दोघांनाही नीट सांगता आलं नाही.

वास्तूची अट नाही. टोकन अजून दिलेलं नाही, पंधरा दिवसांत कळवायचंय.

मुळशी रस्त्याच्या भागात अशा उतारावर कुणी बांधलंय का? पाया आणि भिंत धरून सपाट जागेपेक्षा खर्च किती वाढला? आणि वरून येणारं पाणी कसं वळवलंत?