मदत हवी आहे: आरुषी-हेमराज प्रकरणात क्लोजर रिपोर्टनंतर खटला उभा राहिला कसा?

नमस्कार मंडळी,

एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, नोकरी सांभाळून, तेव्हा 'अजून वाचलं नाहीस?' असं कुणी म्हणू नये. वर्गात नोएडाच्या दुहेरी खून खटल्यावर बोलायचंय. खून कुणी केला यावर चॅनेलवाल्यांनी तेव्हाच यथेच्छ दळण दळलंय, त्यात मला पडायचं नाही. मी अडलेय कोर्टाच्या वाटेवर.

१६ मे २००८ ला सकाळी जलवायू विहारमधल्या फ्लॅटमध्ये आरुषी तलवारचा मृतदेह सापडला. संशय नोकर हेमराजवर, आणि दुसऱ्या दिवशी त्याचाच मृतदेह त्याच इमारतीच्या गच्चीवर! पोलिसांनी आदल्या दिवशी गच्ची उघडून पाहिलीच नव्हती. मग वडील राजेश तलवार यांना अटक, तपास सीबीआयकडे, तीन मदतनिसांना अटक, आरोपपत्राअभावी त्यांची सुटका. डिसेंबर २०१० मध्ये सीबीआयने क्लोजर रिपोर्ट (तपास बंद करण्याचा अहवाल) दिला: संशय वडिलांवर, पण पुरावा पुरेसा नाही. वडिलांनीच त्याला हरकत घेतली, पुढे तपास करा म्हणाले. फेब्रुवारी २०११ मध्ये गाझियाबादच्या दंडाधिकाऱ्यांनी रिपोर्टही नाकारला, हरकतही नाकारली आणि आईवडील दोघांनाही आरोपी म्हणून बोलावलं.

पुरावा नाही असं लिहून देणाऱ्या सीबीआयनेच मग खटला चालवून नोव्हेंबर २०१३ मध्ये जन्मठेप मिळवली. हे कायद्यात बसतं कसं? आणि तेव्हाच्या पुरावा कायद्याचं कलम १०६ (जे फक्त आरोपीलाच ठाऊक असणार, त्याचा खुलासा त्यानेच द्यायचा): घरात चौघं, दोघं मेली, उरलेल्या दोघांनी खुलासा करावा, असा सत्र न्यायालयाचा रोख. अलाहाबाद हायकोर्टाने १२ ऑक्टोबर २०१७ ला दोघांना सोडलं. मग १०६ कुठे निसटलं?

जुना_वकील: ताई, पोलिसांचं मत दंडाधिकाऱ्यावर बंधनकारक नसतं. कागद पाहून तो स्वतः दखल घेऊ शकतो (तेव्हा फौजदारी प्रक्रिया संहिता म्हणजे सीआरपीसी कलम १९०, आता तिच्या जागी आलेल्या बीएनएसएसचं कलम २१०). तलवार याविरुद्ध सुप्रीम कोर्टापर्यंत गेले, २०१२ मध्ये तिथेही हरले. समन्सला प्रथमदर्शनी मामला पुरतो, शिक्षेला संशयापलीकडचा पुरावा लागतो. तरी खासगीत सांगतो, स्वतःच्याच क्लोजर रिपोर्टच्या उलट बाजूने उभं राहणाऱ्या सरकारी वकिलाचा मला हेवा वाटला नाही.

१०६ साठी आपल्याकडचा 'त्रिमुख मारोती किरकन विरुद्ध महाराष्ट्र' (२००६) आधी वाचा. सुनेला साप चावला असं सांगितलं गेलं, शवविच्छेदनात गळा दाबल्याचं निघालं. घराच्या आत घडलेल्या गुन्ह्यात घरच्यांनी खुलासा द्यायचा, हे तिथे नीट मांडलंय. पण त्याआधी फिर्यादी पक्षाने आपला पाया घालायचा असतो. इथे बाहेरचं कुणी आलंच नव्हतं, हे सिद्ध व्हायला हवं होतं. त्यासाठी भिस्त होती सकाळी आलेल्या कामवालीच्या साक्षीवर: बाहेरचा दरवाजा कसा होता, कडी कुठून होती. उलटतपासात ती बोलून गेली की मला जे समजावलंय तेच मी इथे सांगतेय. झालं! हेमराजच्या खोलीला बाहेर उघडणारं वेगळं दारही होतं. परिस्थितिजन्य पुराव्याच्या साखळीतली पहिलीच कडी तुटली, तर १०६ काय करणार? साखळीचे निकष पुण्याच्या शरद सारडा खटल्यात (१९८४) सापडतील.

निशाचर: हायकोर्टाचं दुसऱ्या न्यायमूर्तींचं स्वतंत्र निकालपत्र सोडू नका. सत्र न्यायाधीशांनी गणिताच्या मास्तरासारखं उत्तर आधी धरून गणित सोडवलं, असा तिथे सूर आहे. इतकं झोडपलेलं क्वचित वाचायला मिळतं.

प्रभाकर_सातारा: निर्दोष सुटले म्हणून प्रकरण संपलं असं मात्र लिहू नका. हेमराजची पत्नी सुप्रीम कोर्टात गेली, पाठोपाठ सीबीआय. ऑगस्ट २०१८ मध्ये सीबीआयचं अपील दाखल करून घेतलं.

धागाकर्ती: काका, दादा, मनापासून आभार. किरकनपासूनच सुरुवात करते, सर खूश होतील. फक्त हायकोर्टाच्या निकालात कामवालीच्या साक्षीची चर्चा साधारण कुठे आहे, एवढं कुणी सांगेल का? अडीचशेच्या वर पानं आहेत आणि मला शनिवारी बोलायचंय.