मदत हवी आहे: फॉल्स सीलिंग बंद व्हायच्या आत ॲटमॉसचे स्पीकर कुठे ठरवू?

नमस्कार मंडळी,

ठाण्यात घराचं काम चालू आहे. हॉलमध्ये डॉल्बी ॲटमॉस, म्हणजे छतातूनही आवाज येणारी सिनेमाची साउंड सिस्टिम, बसवायची आहे. हॉलच्या फॉल्स सीलिंगचा सांगाडा बसलाय, जिप्सम बोर्ड चढायचे बाकी आहेत. एकदा बोर्ड चढून पुट्टी आणि रंग झाला की वायर टाकायला कोणी हात लावणार नाही, म्हणून घाईने विचारतेय.

मापं अशी: हॉल १६ फूट लांब, ११ फूट रुंद. टीव्ही ११ फुटी भिंतीवर, सोफा समोरच्या भिंतीला टेकून. सोफ्यावर बसलं की कान जमिनीपासून ४० इंचांवर आणि मागच्या भिंतीपासून दीड फुटावर येतात (टेप धरून मोजलंय, नवरा हसत होता). तयार सीलिंग ९ फूट १ इंचावर येईल, स्लॅब आणि बोर्ड यांच्यात ५ इंचांची पोकळी. उजवीकडे जवळजवळ भिंतभर बाल्कनीचं सरकतं दार, डावीकडे मधोमध बेडरूमकडे जाणारा पॅसेज. पंखा बरोबर मध्यावर. पुढचे दोन टॉवर (टीव्हीच्या दोन्ही बाजूंचे उंच स्पीकर) एकमेकांपासून ९ फुटांवर राहतील.

रिसीव्हर (सगळे स्पीकर चालवणारा ॲम्प्लिफायर) अजून घेतलेला नाही. ९ चॅनेलचा घ्यायचा विचार आहे, म्हणजे ५.१.४ (कानाच्या पातळीवर ५ स्पीकर, खर्जासाठी १ सबवूफर, छतात ४) जमेल. बघणं बहुतेक ओटीटीवरच.

आता अडचण. इंटिरियरवाल्यांच्या ड्रॉइंगमध्ये छताचे चार स्पीकर हॉलच्या चार कोपऱ्यांत, भिंतींपासून दोन-दोन फूट आत, डाउनलाइटच्या ओळीत. "मॅडम, सिमेट्री छान दिसते." दुकानदार म्हणतो सराउंडसुद्धा (बाजूचे-मागचे दोन स्पीकर) छतातच घ्या, एकूण सहा भोकं पाडू, भिंतीवर एक वायर दिसणार नाही. मला दोन्ही पटत नाहीये, पण त्यांना काय उत्तर द्यायचं ते सुचत नाही.

छतात दोन घेऊ की चार? नक्की कुठे? आणि पंखा आड येईल का? कुठल्या कंपनीचे घ्यावेत हा वाद कृपया इथे नको, त्यावर धागे भरपूर आहेत.

प्रतिसाद १

उत्तर तुमच्याच मापांत आहे. कान मागच्या भिंतीपासून दीड फुटावर आणि ड्रॉइंगमधले 'मागचे' स्पीकर दोन फुटांवर. म्हणजे मागचे म्हणून लावलेले स्पीकर तुमच्या कानाच्या अर्धा फूट पुढे! पुढची जोडी कानापासून साडेबारा फूट पुढे आणि पावणेसहा फूट वर, म्हणजे कोन जेमतेम २५ अंश (नाकासमोर ०, बरोबर डोक्यावर ९०). तो आवाज डोक्यावरून नाही, टीव्हीच्या वरच्या भिंतीतून आल्यासारखा वाटेल.

खोलीचे कोपरे विसरा, सगळं कानापासून मोजायचं. डॉल्बीच्या शिफारशीप्रमाणे छतात चार स्पीकर असतील तर पुढची जोडी कानापासून ३० ते ५५ अंशांवर हवी आणि मागची, तोच कोन डोक्यावरून मागे मोजत नेला तर, १२५ ते १५० अंशांवर. दोनच असतील तर ६५ ते १००, शक्यतो डोक्याच्या किंचित पुढे. तुमच्याकडे कानापासून छत पावणेसहा फूट वर आहे. ४५ अंशांचं गणित सोपं, जितकं वर तितकंच पुढे. पण मागच्या जोडीला १२५ अंश गाठायचे तर कानामागे किमान ४ फूट जागा लागते. तुमच्याकडे दीड आहे. सोफा भिंतीला चिकटलेला असेपर्यंत चारचा हट्ट धरू नका.

सराउंड छतात मुळीच नकोत. कानाच्या पातळीवरचा आवाज वेगळा आणि वरचा वेगळा ऐकू येतो, ॲटमॉसची सगळी गंमत त्यात आहे. सगळेच वर नेले तर पाऊसही वरून पडणार आणि मागून येणारी रिक्षाही वरूनच येणार.

प्रतिसाद २

वरचं गणित बरोबर आहे, पण राहत्या घरात सोफा भिंतीलाच असतो हे धरून चाला. दोनच लावा. कानाच्या रेषेपासून साधारण एक फूट पुढे, म्हणजे ८० अंशांच्या आसपास. रिसीव्हर ७ चॅनेलचा पुरेल आणि वाचलेले पैसे सबवूफरमध्ये घाला. छतातल्या मागच्या जोडीपेक्षा चांगला सब रोजच्या रोज ऐकू येतो. चार-चार स्पीकर चुकीच्या जागी लावून वर '५.१.४ आहे' म्हणून मिरवणारे हॉल मी पुष्कळ पाहिलेत.

धागाकर्ती

दोघांचेही आभार. घरी विषय काढला. सोफा दोन फूट पुढे घ्यायला मंजुरी मिळाली आहे, मागे अरुंद टेबल आणि पुस्तकं ठेवायच्या अटीवर! त्याहून पुढे नाही, कारण मग पॅसेजमधून येणाऱ्याची वाट अडते. आता चार बसतील का?

प्रतिसाद १

आता बोलण्यासारखं आहे. कान मागच्या भिंतीपासून साडेतीन फुटांवर आणि टीव्हीच्या भिंतीपासून साडेबारा फुटांवर आले.

पुढची जोडी ४५ अंशांवर: टीव्हीच्या भिंतीपासून पावणेसात फुटांवर. मागची जोडी भिंतीपासून फूटभर पुढे, त्याहून मागे सरकवू नका. तिचा कोन ११३-११४ अंश येतो, म्हणजे १२५ गाठत नाहीच. तरी दोन जोड्यांत जवळजवळ ७० अंशांचं अंतर राहतं, तेव्हा हेलिकॉप्टर पुढून मागे गेलेलं कळेल. मी असतो तर चार घेतले असते. प्रतिसाद २ यांना हे पटणार नाही, आणि त्यांचा सबवूफरचा मुद्दा खराच आहे. मग आत्ता चारांच्या वायरी टाका, सुरुवातीला पुढची जोडी आणि सब घ्या, मागची जोडी पुढच्या दिवाळीला. तोवर फक्त पुढची जोडी ४५ अंशांवर वाजेल, डोक्यावरचा भाग जरा विरळ लागेल, एवढंच.

आडवं अंतर: छताच्या जोड्या टॉवरच्या रेषेत असाव्यात असं म्हणतात, पण तुमचे टॉवर ९ फुटांवर आहेत, म्हणजे छतात त्या भिंतींच्या फारच जवळ जातील. दोन स्पीकरमध्ये ७ फूट ठेवा. मागच्या बाजूचा कोव्ह लाइट (सीलिंगच्या कडेच्या खाचेत लपवलेला दिवा) मात्र काढावा लागेल, एक फुटात दोन्ही मावत नाहीत.

सोफा पुढे आल्याचे आणखी दोन फायदे पदरात पडतात. पुढचे टॉवर आधी कानापासून (आता कोन आडवा, नाकासमोरच्या रेषेपासून) प्रत्येकी १९ अंशांवर होते, आता २२ वर आले. डॉल्बी २२ ते ३० सांगते. शिवाय सोफ्याच्या मागे दोन्ही कोपऱ्यांत स्टँडवर सराउंड उभे करायला जागा झाली. कानाच्या रेषेपासून दोन फूट मागे आणि बाजूला पाच फूट ठेवलेत की कोन ११० च्या थोडा पुढे जातो, ५.१ मध्ये ११० ते १२० च हवा. सरकत्या दाराच्या भिंतीवर सराउंड कुठे लावायचा हा प्रश्नच मिटला.

पंखा: दुपारी कागदावर काढून पाहिलं. १२०० मिमीचं पातं मध्यापासून दोन फूट पसरतं. छत ते कान ही रेष पंख्याच्या उंचीवर मध्यापासून जवळजवळ तीन फूट बाहेरून जाते. सोफ्याच्या टोकाला बसलेल्यालाही पातं आड येत नाही, फक्त फट कमी उरते. पंख्याचा स्वतःचा घोंघाट ही वेगळी गोष्ट, सिनेमा बघताना एसी लावा.

प्रतिसाद ३

मी सीलिंगची कामं करतो, आवाजाचं जाणकारांनी सांगितलंच आहे. माझं एवढंच.

पोकळी ५ इंच म्हणताय, त्यात सांगाड्याचे धातूचे चॅनेलही आहेत. स्पीकर घेण्याआधी त्याची खोली बघा. ८ इंची स्पीकर बऱ्याचदा एवढ्या जागेत मावत नाहीत, साडेसहा इंची बहुधा मावतो. मागून बंद डबा असलेला घ्यायचा तर आणखी खोली लागते. आत्ताच सीलिंग एक-दोन इंच खाली घेता आलं तर घ्या, पण मग उंची बदलते आणि वरची मापं पुन्हा काढा.

बोर्ड चढण्याआधी चारही जागा जमिनीवर खडूने आखून, ओळंब्याने वर न्या. जिथे स्पीकर येणार तिथे सीलिंग सेक्शन (बोर्ड धरणारी पट्टी) आला तर आत्ता सरकवता येतो, नंतर कापावा लागतो आणि मग बोर्ड झोल खातो. भोकाच्या चारी बाजूंनी आडवे तुकडे मारून चौकट करून घ्या, सबवूफर वाजला की सैल चॅनेलच आधी खडखडतात. डाउनलाइटच्या स्प्रिंगाही.

वायर शुद्ध तांब्याची, १४ गेज. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर स्वस्त मिळते, ती घेऊ नका. वेगळ्या पीव्हीसी पाइपातून न्या, लाइटच्या वायरींबरोबर एकाच पाइपात नाही. प्रत्येक टोकाला नाव लिहा आणि तीन फूट वेटोळं सोडा. बोर्ड चढवण्याच्या आदल्या दिवशी सगळ्या वायरी मीटरवर तपासा आणि टेप धरून फोटो काढा. स्पीकर जोडल्यावर अधिक-उणे पाहायला दीड व्होल्टचा साधा सेल क्षणभर लावायचा, पडदा बाहेर आला तर सुलटं.

वरच्या मजल्याचं कोणी विचारलं नाही म्हणून सांगतो. मागून उघडा स्पीकर जेवढा खाली वाजतो तेवढाच पोकळीतही वाजतो. स्पीकरवर रॉकवूलची गादी घालता येते, फक्त एलईडीच्या ड्रायव्हरवर ती येऊ देऊ नका, तो तापतो.

धागाकर्ती

इंटिरियरवाल्यांना नवीन ड्रॉइंग पाठवलं. डाउनलाइटची ओळ थोडी मोडणार म्हणून ते नाराज आहेत, पण मागचा कोव्ह काढायला तयार झाले. पोकळी मोजली, चॅनेल सोडून जेमतेम सव्वाचार इंच आहे, तेव्हा साडेसहा इंचीच घेऊ. चारही जागांना वायरी, सोफ्यामागच्या दोन कोपऱ्यांना वायरी. शनिवारी खडू आणि ओळंबा घेऊन आम्ही दोघं साइटवर जातोय.

एकच राहिलं: सबवूफरची वायर कुठल्या कोपऱ्यात काढून ठेवू?

प्रतिसाद २

दोन कोपऱ्यांत काढा, एक टीव्हीजवळ, एक सोफ्यामागे. कुठे चांगला वाजतो ते सब आल्यावर ऐकूनच ठरतं.