आयोवाची पासिंग बुडवली कोणी? बाप, लेक की क्वार्टरबॅक?

सीडररॅपिड्सकर: आपल्या आयोवा विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल टीमचा २०२३चा सीझन संपवणारा सिट्रस बोल होऊन दोन दिवस झाले तरी डोकं शांत होत नाहीये. टेनेसीनी ३५-० धुतलं, त्याआधी आपल्या लीगच्या, बिग टेनच्या, फायनलला मिशिगननी २६-०, म्हणजे शेवटच्या दोन मॅच मिळून ६१-०. आणि तरी सीझन १०-४! डिफेन्सच्या पाया पडावं, पंटर (लाथेनं बॉल लांब उडवून समोरच्यांना देणारा) टोरी टेलर तर देशातल्या सर्वोत्तम पंटरचं रे गाय अवॉर्ड घेऊन आला, आणि ऑफेन्स पुढे नेलेल्या यार्डांच्या यादीत देशातल्या १३३ टीममध्ये १३३वा. माझं मत सरळ आहे, ब्रायन फेरेन्ट्स. हेड कोच बाप कर्क, ऑफेन्सचा कोऑर्डिनेटर (डाव ठरवणारा) लेक ब्रायन, वर क्वार्टरबॅकचा, म्हणजे पास टाकणाऱ्याचा, कोचपण तोच होता. २०२३च्या फेब्रुवारीत करारात घातलं की मॅचला सरासरी २५ पॉइंट काढा, पगार ९ लाखांवरून साडेआठ लाख डॉलर केला, आणि त्या २५मध्ये डिफेन्सचे टचडाउनपण धरायचे बरं का, तरी गाडी १५वरच अडली. घरचा मुलगा नसता तर २०२२लाच नारळ मिळाला असता.

टाईटएंड_तात्या: अहो पण पास टाकणार कोण आणि झेलणार कोण ते सांगा ना. टाईट एंड (लाइनच्या टोकाला उभा राहून पासही झेलणारा) लूक लॅची सप्टेंबरातच जखमी होऊन गेला, मग मिशिगन स्टेटच्या मॅचला क्वार्टरबॅक केड मॅकनमाराचा गुडघा, मग विस्कॉन्सिनला दुसरा टाईट एंड एरिक ऑलचा. आपली पासिंग म्हणजेच टाईट एंड, आणि ते दोघंही घरी. पास टाकायला राहिला बदली क्वार्टरबॅक डीकन हिल. पोरगं मोठं, हात दणकट, पण पाच यार्डावरच्या माणसालासुद्धा पन्नास यार्डाचा जोर लावून मारतो, झेलणाऱ्याच्या छातीवर आपटून बॉल उडतो. विस्कॉन्सिनला १४ पैकी ६ पास, ३७ यार्ड. यात ब्रायननी कागदावर काय चितारायचं?

सीडररॅपिड्सकर: तात्या, केड होता तेव्हाचं बोला की. पेन स्टेटकडून ३१-० हरलो. केडचे १४ पैकी ५, ४२ यार्ड, अख्ख्या टीमचे ७६. हाच केड २०२१ला मिशिगनकडून खेळताना आपल्यालाच ४२-३ हरवून गेला होता. तिकडे सोनं आणि इकडे आला की माती?

टाईटएंड_तात्या: ऑगस्टात मांडी दुखावलेली त्याची, लंगडत खेळत होता. हे सोयीस्कर विसरायचं.

कोरलव्हिलची_काकू: तुम्ही दोघं लेकाला आणि पोरांना धरून बसलाय, बापाला कोणी काही बोलत नाही. मिनेसोटाच्या मॅचला मी आपल्या किनिक स्टेडियममध्ये होते. पहिला क्वार्टर संपल्यावर सगळं स्टेडियम वळून शेजारच्या लहान मुलांच्या हॉस्पिटलकडे हात हलवतं ना, तेव्हा दरवेळी डोळ्यात पाणी येतं माझ्या, असो. हाफटाइमला १०-३ पुढे होतो, दुसऱ्या हाफमध्ये ऑफेन्सचे यार्ड किती? १२. माझ्या पुढचे आजोबा 'पंटिंग इज विनिंग'चा टीशर्ट घालून, टोरीनी बॉल उडवला की उठून टाळ्या. शेवटी आपल्या कूपर डिजीननी त्यांचा पंट पार एंड झोनपर्यंत पळवत नेला, आम्ही अनोळखी माणसांना मिठ्या मारल्या, आणि मग रेफ्री म्हणाला आधी हात हलवला होता, म्हणजे पळणार नाही अशी खूण झाली, चालणार नाही. सगळे रेफ्रीच्या नावानी शंख करत होते पण बॉल अजून आपल्याकडेच होता हो, दोनच पॉइंटनी मागे, तीन पॉइंटचा फील्ड गोल पुरला असता! आणि एकालाही वाटत नव्हतं की आपण तेवढे यार्ड काढू. हिलनी पास थेट मिनेसोटाच्या हातात दिला. कर्क १९९९पासून हेच शिकवतोय, बॉल घालवू नका, पंट करा, डिफेन्स बघून घेईल. २०२२ला साउथ डकोटा स्टेटला ७-३ हरवलं, एक फील्ड गोल आणि दोन सेफ्टी (समोरच्याला त्याच्याच एंड झोनमध्ये अडवून मिळणारे दोन-दोन पॉइंट). सांगा, हे बघून कुठला चांगला रिसिव्हर इथे येईल?

मिनियापोलिसचा_पाहुणा: आयोवा-मिनेसोटा मॅचची डुकराची ट्रॉफी २०२३ला आमच्याकडे छान होती, काळजी नसावी. आमच्या मॅचनंतर ९ दिवसांत ब्रायनला जायला सांगितलं तेव्हा खरं दुःख इकडे झालं 😄

टाईटएंड_तात्या: काकू, याच कर्कच्या हाताखाली २०१५ला १२-० झालो होतो, क्वार्टरबॅक बेथर्ड पास टाकतच होता की.

सीडररॅपिड्सकर: वा तात्या, सेल्फ गोल! तेव्हा कोऑर्डिनेटर ब्रायन नव्हता, तो २०१७ला झाला.

टाईटएंड_तात्या: मग २०१७ आणि २०१८ला क्वार्टरबॅक स्टॅनलीनी दोन्ही वर्षं २६-२६ टचडाउन पास टाकले ते कोणाच्या प्लेवर?

सीडररॅपिड्सकर: समोर फँट आणि हॉकेन्सन होते, दोघंही प्रो लीगच्या, एनएफएलच्या, ड्राफ्टमध्ये (खेळाडूंच्या निवडीत) पहिल्या राउंडला गेले. त्यांना तर मीपण पास टाकला असता.

टाईटएंड_तात्या: दोघं काय होते, टाईट एंडच ना? सकाळपासून मी दुसरं काय सांगतोय!