'नेपथ्यातून' लिहावं की आणखी काही?

कानामात्रा
एका इंग्रजी पटकथेचा मराठी अनुवाद करते आहे. त्यात पात्राच्या नावापुढे कंसात 'ओ. एस.' येतं, म्हणजे माणूस त्याच जागी आहे, पण कॅमेऱ्याच्या चौकटीत दिसत नाही. संस्कृत नाटकांत 'नेपथ्ये' असतं, म्हणून मी बिनधास्त 'नेपथ्यातून' लिहीत गेले. काल कलादिग्दर्शकांनी त्या सगळ्या ओळींखाली रेघा मारून विचारलं, "इथे सेटमध्ये काय बदल हवाय?" आता काय लिहू? आणि 'व्ही. ओ.'ला, म्हणजे 'व्हॉइस ओव्हर'ला, नुसता आवाज ऐकू येतो त्याला?

रंगपट
त्यांचं बरोबर आहे. आज नेपथ्य म्हणजे देखावा, दारं-खिडक्या, पायऱ्या. नेपथ्यकार कोण ते प्रेक्षकालाही ठाऊक असतं. जुन्या मराठी नाटकांत '(पडद्यात)' किंवा '(आतून)' छापलेलं असायचं. 'आतून' लिहा.

मूळपीठ
म्हणजे चुकीचा अर्थ रुळला की मूळ शब्द सोडून द्यायचा? नेपथ्य ही पडद्यामागची, नट रंगतात ती जागा. आपण वापरत राहिलो तर तो अर्थ परत येईल. माझ्या मते 'नेत्रांना पथ्य ते नेपथ्य', डोळ्यांआड ठेवलेलं.

रंगपट
'नेत्र'मधला 'त्र' कुठे गेला मग? आणि मूळच धरायचं तर अमरकोशात नेपथ्य हा शब्द वेष आणि प्रसाधनाच्या पर्यायांत आहे. त्या न्यायाने वेशभूषाकारालाच नेपथ्यकार म्हणावं लागेल. म्हणाल?

मूळपीठ
वेष आणि वेष चढवायची जागा यांत नातं आहे. देखाव्याशी काय नातं?

तिसरी घंटा
'आतून'ची अडचण सांगतो. पात्र खोलीत आहे आणि आई अंगणातून हाक मारते, तेव्हा 'आतून' कसं चालेल? आत-बाहेर घराचं असतं, इथे हिशेब चौकटीचा आहे. मी असं लिहितो:

आई (चौकटीबाहेरून)
दार लावून घे गं!

'व्ही. ओ.'ला मात्र 'निवेदन' लिहू नका, कळकळीने सांगतो. फोनवरून ऐकू येणारा आवाजही 'व्ही. ओ.'च असतो. माझ्या लघुपटात बहिणीच्या फोनवरच्या ओळींपुढे मी 'निवेदन' लिहिलं. डबिंगला आलेल्या मुलीने त्या गोष्ट सांगावी तशा संथ वाचल्या. "दादा, बाबा गेले" हीसुद्धा. चूक तिची नव्हती, माझ्या कंसाची होती. तेव्हापासून 'फोनवरून', 'मनात', 'निवेदक' असं वेगवेगळं लिहितो. एकच शब्द सगळीकडे चालवायचा हट्ट इंग्रजीचा आहे, आपला नाही.

मूळपीठ
हे पटलं. संस्कृत नाटकांतही हेच आहे. 'स्वगत' वेगळं, 'प्रकाश', म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलणं, वेगळं. 'जनान्तिक' म्हणजे बाकीच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून एकाशीच बोलणं, आणि तेव्हा हात त्रिपताकाकृती, म्हणजे अनामिका वाकवून बाकीची बोटं सरळ, असा धरायचा. एका शब्दात कोणाशी बोलायचं तेही आलं आणि हात कसा धरायचा तेही. इतकी श्रीमंती घरात असताना 'ओ. एस.' कशाला?

कानामात्रा
'चौकटीबाहेरून' आवडलं, पण नावापुढे फार लांब होतं. आणि नाव उठून कसं दाखवायचं? इंग्रजीत ते मोठ्या लिपीत असतं, आपल्याकडे लहान-मोठी अक्षरंच नाहीत.

अर्धविराम
ठळक करा. साध्या मजकुरात लिहिणार असाल तर 'फाउंटन' या पटकथालेखनाच्या पद्धतीत मोठ्या लिपीतल्या ओळीलाच पात्राचं नाव समजतात. त्यामुळे देवनागरी नावाआधी 'ॲट'ची खूण (@) द्यावी लागते, नाहीतर नाव आणि संवाद दोन्ही वर्णनात जाऊन बसतात. माझी अख्खी पहिली प्रत तशी गेली होती.
शिवाय 'एक पान म्हणजे एक मिनिट' हा पटकथेच्या लांबीचा ठोकताळा १२ पॉइंट 'कुरियर' या इंग्रजी टंकाचा आहे. तिथे प्रत्येक अक्षर सारख्याच रुंदीचं. आपल्याकडे 'न' किती आणि 'क्ष्म्य' किती! देवनागरी पानं मोजून कोणाला लांबी सांगू नका, मोठ्याने वाचून घड्याळ लावा.

रंगपट
वाचताना कंसही वाचता का? आमच्या पहिल्या वाचनाला एकाने '(थांबून)' न थांबता वाचलं. म्हणून मी त्याला 'कंससूचना' म्हणत नाही, 'रंगसूचना'च म्हणतो.

तिसरी घंटा
पडद्यावर रंग कुठला? 'अभिनयसूचना' म्हणा.

मूळपीठ
रंग म्हणजे रंगमंच, हे तरी राहू द्या.

कानामात्रा
उद्या प्रत द्यायची आहे. तूर्त 'चौकटीबाहेरून' टाकते. पण पान संपल्यामुळे तुटलेला संवाद पुढच्या पानावर येतो, तिथे नावापुढे काय लिहिता? 'पुढे चालू' तर मासिकातल्या कादंबरीसारखं वाटतं.