‘घनु वाजे घुणघुणा’: विरहिणी कोणाशी बोलते?

नौपाडेकर:
गेल्या रविवारी ठाण्यातील आमच्या वाचनगटात ज्ञानेश्वरांची ‘घनु वाजे घुणघुणा’ ही विराणी, म्हणजे कान्ह्याच्या विरहात तळमळणाऱ्या स्त्रीचे गीत, वाचली. पाच मिनिटांत चर्चा ‘जिवाची शिवासाठी तळमळ’ या वाक्यावर येऊन थांबली आणि सगळ्यांनी समाधानाने चहा घेतला. ते वाक्य चुकीचे आहे असे मी म्हणत नाही. ते फार लवकर आले. ‘चांदु वो चांदणें, चापे वो चंदनु’ यातील ‘वो’ ही बाईने बाईला घातलेली साद आहे. ‘वेगीं भेटवा कां’ यातील ‘कां’ प्रश्न विचारत नाही, आपण ‘जरा येता का’ म्हणतो तशी ती विनवणी आहे, आणि तीही कान्ह्याला नव्हे, मैत्रिणींना. संपूर्ण रचनेत देवाला उद्देशून एकही शब्द नाही. अशी भक्ती समजून घ्यायची, तर आधी या बायकांमधले बोलणे ऐकायला हवे. तत्त्वार्थ मध्येच आणला की त्या नाहीशा होतात.

नेरूळवासी:
मला हे पटत नाही. पहिल्याच कडव्यात कान्ह्याला ‘भवतारकु’, म्हणजे संसारातून तारणारा, म्हटले आहे. कोणती प्रेयसी प्रियकराला हा शब्द वापरेल? चंदनाने अंग पोळणे आणि निरोप्या सखी हे विरहकाव्याचे ठरलेले संकेत आहेत. बाराव्या शतकातील जयदेवाच्या ‘गीतगोविंदा’तही राधेला चंदन आणि चंद्रकिरण नकोसे होतात. शिवाय, देवाविषयीच्या रतीला, म्हणजे प्रेमाला, संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने शृंगाररस न मानता ‘भाव’ म्हटले आहे, आणि शके 1212 मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध करणाऱ्या कवीने तेराव्या अध्यायात शृंगाराच्या माथ्यावर पाय ठेवणारी शांतिकथा सांगण्याची ग्वाही दिली आहे. तेव्हा शृंगार येथे वेष आहे. वेषाचेच कौतुक किती करावे?

नौपाडेकर:
‘भवतारकु’ हा शब्द माझ्या बाजूचा नाही, हे मान्य करतो. मात्र जयदेवाचे उदाहरण उलटे पडते. तेथे राधेची ही अवस्था सखी कृष्णापुढे जाऊन सांगते. येथे जिचे अंग पोळते तीच बोलते, आणि सखी कुठेही निघालेली दिसत नाही. संकेत जुना असला, तरी सांगणारी बदलली आहे. ‘कोकिळें वर्जावें तुम्हीं बाइयांनो’ यातला वैताग तर मला कोणत्याही शास्त्रातून आलेला वाटत नाही.

वाशीकर:
एक सावधगिरीची सूचना. ही रचना शतकानुशतके गळ्यांतून आली आहे, त्यामुळे एखाद्या ‘कां’वर फार भार टाकू नये. (‘घनु’, ‘चांदु’, ‘चंदनु’ या शब्दांतील जुना उकार मात्र टिकला आहे, बहुधा चालीनेच तो सांभाळला असावा.) पण शेवटच्या कडव्याविषयी आपण दोघेही गप्प का? ‘दर्पणीं पाहतां रूप न दिसे वो आपुलें.’ केवळ विरह असता, तर आरशात सुकलेला चेहरा दिसला असता. येथे पाहणारीचे ‘मी’पणच उरलेले नाही.

नेरूळवासी:
तेच माझे म्हणणे होते, ते आधी मांडायला हवे होते. आता व्याकरणच पाहा, कारण नौपाडेकरांचा भर त्यावर आहे. आधी ‘भेटवा’, ‘विझवा’, ‘वर्जावें’ अशी सारी मागणी आहे. शेवटी ‘बापरखुमादेविवरें विठ्ठलें मज ऐसें केलें’. क्रियापद भूतकाळात गेले आणि मागणे थांबले. ज्या मैत्रिणींना मी नाहीसे करतो अशी तक्रार आहे, त्यांचे काम कवीनेच तेथे संपवले आहे.

नौपाडेकर:
मागणे थांबले, हा मुद्दा मला सुचला नव्हता आणि तो मोलाचा आहे. परंतु त्याच आरशाच्या ओळीतला ‘वो’ पुन्हा वाचावा. आपले रूप दिसेनासे झाले, हेही ती मैत्रिणीलाच सांगते आहे.